गोळी सुरू झाल्यावर

मालवण-वेंगुर्ले पट्ट्यात औषधांचे दुकान चालवताना एक गोष्ट लवकर लक्षात येते. मनाच्या आजारावरची गोळी घ्यायला येणारे लोक भर दुपारी येतात, कारण त्या वेळी सकाळची गर्दी ओसरलेली असते आणि काउंटरवर ओळखीचे कोणी भेटण्याची धास्ती नसते. चिठ्ठी चार घड्या घालून खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवलेली असते. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, ॲरिपिप्राझोल, सोबत कधी ट्रायहेक्सिफेनिडिल, एवढी नावे वाचली की मला आजार कळतो आणि तो मला कळला हे त्यांनाही कळते. पहिल्या महिन्यात हे लोक काही विचारत नाहीत. पुढे मुलगा नीट झोपू लागला, जेवू लागला, चार शब्द सरळ बोलू लागला की आई किंवा बाप हमखास एकच प्रश्न विचारतो : ‘आता बरो आसा, मगे गोळयो कित्याक?’

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. तापाची गोळी ताप उतरल्यावर बंद होते, प्रतिजैविकांचा कोर्स ठरलेल्या दिवशी संपतो, आणि शरीराच्या बहुतेक दुखण्यांत बरे वाटणे हीच दुखणे गेल्याची खूण असते. सायकोसिसच्या, म्हणजे भ्रम आणि भास होऊन वास्तवाचे भान सुटते त्या दुखण्याच्या, पहिल्या आजारपणात मात्र ही खूण फसवते, आणि का फसवते याचे उत्तर मेंदूच्या रसायनात आहे. ते उत्तर काउंटरवरच्या दोन मिनिटांत देता येत नाही. म्हणून, औषधे विकणारी म्हणून आणि अशाच एका मुलाची मावशी म्हणून, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आजारी पडला. आधी झोप गेली, मग अभ्यास सुटला, मग मित्र तुटले. त्यानंतर एसटीच्या नंबरपाटीवरचे आकडे, जेटीला लागलेल्या ट्रॉलरांवरच्या झेंड्यांचे रंग, शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या, हे सगळे आपल्यालाच काहीतरी सांगत आहे अशी त्याची खात्री होत गेली. घरच्यांनी आमच्याकडे करतात ते सगळे केले. देवळात गाऱ्हाणे घातले, कौल घेतला, राखणदाराचे काही राहून गेले असेल म्हणून नारळ ठेवला. मला त्यात चिडण्यासारखे काही दिसत नाही. भेदरलेला माणूस आधी ओळखीच्या दाराशीच जातो, आणि गाऱ्हाणे घातल्याने गोळीचा गुण कमी होत नाही. माझे म्हणणे केवळ वेळेबद्दल आहे. उपचार न मिळता जितके महिने जातात तितके पुढचे बरे होणे कठीण होते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. तेव्हा गाऱ्हाणे आज घातले तर डॉक्टरांकडेही याच आठवड्यात जावे.

आता मेंदूकडे वळते. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, आणि त्यांपैकी डोपामिन नावाचे, पेशींमध्ये संदेश नेणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी जेमतेम काही लाख. त्या मध्यमेंदूत एका जागी गोळा झालेल्या असतात, पण त्यांचे तंतू दूरवर पसरतात, विशेषतः मेंदूच्या खोल भागातल्या स्ट्रायटममध्ये. समोरच्या असंख्य गोष्टींतली कोणती गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे, कशाच्या मागे जावे, कशाची अपेक्षा धरावी, हे ठरवण्यात या रसायनाचा मोठा वाटा असतो. सायकोसिसमध्ये पुष्कळांच्या स्ट्रायटममधल्या तंतूंत डोपामिन गरजेपेक्षा जास्त तयार होते आणि अवेळी सोडले जाते, असे मेंदूच्या ‘पेट’ (PET) तपासण्यांतून, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचे काम दाखवणाऱ्या स्कॅनमधून, दिसून आले आहे. मग कुकरची शिट्टीही महत्त्वाची होते. महत्त्व आधी चिकटते आणि त्याचे कारण मन मागाहून शोधते. त्या शोधातून जी गोष्ट तयार होते तिला आपण भ्रम म्हणतो. संशय, छळाची भावना, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे ही खात्री, हे त्या महत्त्वाला दिलेले अर्थ असतात. शितिज कपूर या मनोविकारतज्ज्ञांनी २००३ मध्ये ही मांडणी सविस्तर केली, आणि ती वाचताना मला भाच्याचे ते महिने पहिल्यांदा ओळीने लागल्यासारखे वाटले.

हे ज्ञान ज्या वाटेने आले ती वाट आपल्या रानातूनही गेलेली आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, ओलसर सावलीत, सर्पगंधा नावाचे बुटके झुडूप वाढते. तिची मुळी आपले वैद्य उन्मादावर पूर्वापार देत आले. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या कोलकात्याच्या दोघांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवरचा तिचा उपयोग छापून प्रसिद्ध केला, १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. पुढे स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले तेव्हा ससे निपचित झाले. त्यांना एल-डोपा दिल्यावर, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवते ते द्रव्य दिल्यावर, ते पुन्हा हलू-फिरू लागले. १९५७ च्या या प्रयोगातून डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे हे उलगडू लागले, आणि त्या कामासाठी कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. रेसर्पिन पेशींमधला डोपामिनचा साठाच रिकामा करते. आजच्या गोळ्या तसे करत नाहीत, आणि पुढचे सगळे म्हणणे समजण्यासाठी हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

आजच्या गोळ्यांची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. १९५२ मध्ये सेंट-ॲन रुग्णालयात झां दिले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिले आणि वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली माणसे बोलू लागली. औषध लागू पडले खरे, पण ते कुठे लागू पडते हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर टोरांटो आणि बाल्टिमोर इथल्या प्रयोगशाळांनी दाखवून दिले की या वर्गातले औषध डोपामिनच्या डी-२ नावाच्या रिसेप्टरला जितके घट्ट चिकटते तितक्या कमी मात्रेत ते गुण देते. म्हणजे सोडलेला संदेश पेशीच्या ज्या जागी घेतला जातो ती जागाच औषध अडवून बसते.

किती जागा अडवावी, या प्रश्नाचे उत्तर मला या सगळ्या विज्ञानातले सर्वांत माणुसकीचे उत्तर वाटते. २००० मध्ये टोरांटोत पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २२ जणांना हॅलोपेरिडॉल हे याच वर्गातले जुने औषध दिवसाला १ किंवा अडीच मिलिग्रॅम इतक्या लहान मात्रेत देऊन त्यांच्या मेंदूची पेट तपासणी केली गेली. स्ट्रायटममधले सुमारे ६५ टक्के डी-२ रिसेप्टर अडले की गुण येण्याची शक्यता वाढत होती, ७२ टक्क्यांच्या पुढे रक्तातले प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढत होते, आणि ७८ टक्क्यांच्या पुढे अंग आखडणे, हात कापणे, एका जागी बसवेनासे होणे सुरू होत होते. गुण आणि त्रास यांच्यामधली पट्टी इतकी अरुंद आहे. पूर्वी याच औषधाच्या मात्रा याच्या कितीतरी पट दिल्या जात. आमच्या गावात मी लहानपणी पाहिलेली, हात न हलवता चालणारी, तोंडातून लाळ गळणारी जी माणसे ‘वेडी’ म्हणून ओळखली जात, त्यांच्यापैकी कितीजणांचे ते रूप आजाराचे होते आणि किती जणांचे मात्रेचे, असा विचार हे आकडे वाचताना माझ्या मनात येतो आणि जीव तुटतो. पहिल्या आजारपणातला मेंदू औषधाला फार संवेदनशील असतो; थोड्यात भागते आणि थोड्यातच त्रासही होतो. म्हणून माझ्या काउंटरवर कोणी ‘पोरगो लाकडासारखो झालो’ असे म्हटले, तर मी त्यांना गोळी स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना हेच शब्द आजच फोनवर सांगा, असे आवर्जून सांगते. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. ॲरिपिप्राझोलसारखे औषध रिसेप्टरवर बसूनही त्याला थोडे चालू ठेवते, त्यामुळे जास्त जागा व्यापूनही ते तितके आखडवत नाही.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येते. गोळीने डी-२ रिसेप्टर काही तासांत अडतात, आणि सुधारणेची पहिली चिन्हे पुष्कळदा पहिल्या दोन आठवड्यांतच दिसतात. पण जिथे डोपामिन जास्त तयार होत होते तिथे काय बदलते? लंडनच्या संशोधकांनी पहिल्या आजारपणातल्या रुग्णांची औषधाआधी आणि औषध सुरू झाल्यावर किमान पाच आठवड्यांनी तपासणी केली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : डोपामिन तयार करण्याच्या क्षमतेत औषधाने लक्षणीय फरक पडला नव्हता. रुग्ण सुधारले होते आणि तरीही तयार होण्याची गती होती तशीच होती. आमच्याकडे पावसाळ्याआधी पडवीला चुडतांचे झाप बांधतात. घरात झड येत नाही म्हणून बाहेरचा पाऊस थांबला, असे कोणी समजत नाही. बरे वाटल्यावर गोळी बंद करणे म्हणजे आषाढात झाप सोडणे. ते बांधणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही, आणि पाऊस कायमचाच आहे असेही नाही, पण तो कधी सरतो हे घरातल्या कोरड्या जमिनीवरून ठरवता येत नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि तिच्याबद्दल घरोघरी फार गैरसमज आहे. संदेश अडल्यामुळे नव्या गोष्टींना खोटे महत्त्व चिकटणे थांबते, पण आधीच तयार झालेला अर्थ गोळीने पुसला जात नाही. भाच्याने औषध सुरू झाल्यानंतर मला एकदा सांगितले, ‘मावशी, ते खरंच होतं. पण आता त्याचं काही वाटत नाही.’ बहिणीला हे ऐकून रडू आले. तिला वाटले, गोळीचा काहीच उपयोग झाला नाही. मला मात्र ते वाक्य आशेचे वाटले, कारण औषधाने जे करायचे ते नेमके तेवढेच केले होते. त्या गोष्टीतली धग काढून घेतली होती. पुढचे काम, म्हणजे त्या अर्थाकडे पुन्हा पाहणे, त्यावर शंका घेणे आणि अखेर तो सोडून देणे, हे माणसाला स्वतःच्या गतीने करावे लागते. त्याला बोलणारा डॉक्टर, समुपदेशक आणि वाद न घालणारे घर लागते. ‘तुझं ते सगळं खोटं होतं, कबूल कर’ असा तगादा लावणाऱ्या घरात हे काम अडते.

आणि ज्या रसायनाने खोटे महत्त्व चिकटत होते तेच रसायन खऱ्या आवडीलाही लागते. आमचा भाचा लहानपणापासून खाडीवर गरवायला जाणारा. औषध सुरू झाल्यावर गरी तशीच खुंटीला लटकत राहिली. विचारले तर म्हणे, जाववत नाही. हा आळस नव्हता. आजाराचा स्वतःचा असा एक थंडपणा असतो आणि औषधाचाही असतो, आणि दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून ‘गोळी खाऊन लोळतो’ असे म्हणण्याआधी घरच्यांनी थांबावे. मात्रा थोडी कमी केल्यावर महिन्याभराने तो पुन्हा खाडीवर जाऊ लागला. सगळ्यांच्या बाबतीत इतके सरळ होत नाही.

बायकांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण त्या हे डॉक्टरांनाही सांगत नाहीत. डोपामिन एरवी पिट्युटरी ग्रंथीतल्या प्रोलॅक्टिनला लगाम घालते. रिस्पेरिडोनने तो लगाम सुटतो आणि पाळी चुकते, कधी पूर्ण थांबते, कधी मूल नसताना छातीत दूध येते. लग्न ठरलेली मुलगी किंवा नवी सून हे कोणाला सांगणार? घरात आधी गरोदरपणाचा समज होतो, मग ‘गोळ्यांनी मूल होणार नाही’ अशी कुजबुज सुरू होते, आणि एक दिवस गोळ्या माडाच्या आळ्यात फेकल्या जातात. दुकानात दुसरे कोणी नसेल तेव्हा मी स्वतःच विचारते, पाळी नियमित येते का? रक्ताची एक साधी तपासणी आणि औषधातला बदल, एवढ्याने हे बहुतेक वेळा सुटते. ओलान्झापिनचे दुखणे निराळे. ते हिस्टामिन आणि सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनांच्या काही रिसेप्टरांनाही अडवते, भूक अनावर होते, वजन आणि साखर चढते. तेव्हा वजन, कंबर, साखर आणि चरबी यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. तसेच, बिडी-सिगारेटच्या धुराने यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन (इतर गोळ्यांनी गुण आला नाही तर देतात ते औषध) लवकर संपवते, त्यामुळे धूम्रपान सुरू किंवा बंद केले तर ते डॉक्टरांना कळवावे.

आता ज्यांना या गोळ्यांनी गुण येत नाही त्यांच्याविषयी. सुमारे तीनात एक रुग्ण असा असतो, आणि त्याच्या वाट्याला फार अन्याय येतो, कारण घरचे म्हणतात हा गोळ्या घेत नसणार, आणि गावचे म्हणतात हे ‘बाहेरचे’च आहे. २०१२ मध्ये लंडनमधल्या अभ्यासात गुण न आलेल्या रुग्णांची डोपामिन तयार करण्याची क्षमता मोजली गेली, तेव्हा ती निरोगी माणसांसारखीच आढळली. डोपामिन वाढलेलेच नसेल तर ते अडवून काय साधणार? तिथे लक्ष ग्लुटामेट या मेंदूतल्या मुख्य उत्तेजक रसायनाकडे जाते. एमआर स्पेक्ट्रोस्कोपी या तपासणीने ते जिवंत मेंदूत मोजता येते. अशा रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या-मधल्या भागात ग्लुटामेट जास्त असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. दुसऱ्या बाजूने, मेक्सिकोतल्या एका गटाने २०१३ मध्ये दाखवले की पहिल्या आजारपणातल्या रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये वाढलेले ग्लुटामेट चार आठवड्यांच्या रिस्पेरिडोननंतर खाली आले. म्हणजे गोळी एका रसायनाला अडवते आणि तिचे पडसाद दुसऱ्यातही उमटतात, पण सगळ्यांत नाही आणि सारखे नाही. एकाच नावाखाली बहुधा एकापेक्षा जास्त आजार राहत आहेत, असे माझे मत या वाचनातून बनले आहे. दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसे आठवडे देऊनही गुण आला नाही तर क्लोझापिनचा विचार व्हायला हवा. त्यात पांढऱ्या पेशी कमी होण्याचा थोडा पण गंभीर धोका असल्यामुळे सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. किनाऱ्यावरच्या गावातून दर आठवड्याला तालुक्याला जाणे आणि त्या दिवसाची मजुरी बुडवणे हा खर्च औषधाच्या किमतीपेक्षा मोठा असतो, आणि त्याच अडचणीपायी क्लोझापिन ज्यांना लागते त्यांना ते वेळेवर मिळत नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत डोपामिनच्या रिसेप्टरला हातही न लावणारे, ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनाच्या मस्करिनिक रिसेप्टरांवर काम करणारे झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे औषध स्किझोफ्रेनिया या सायकोसिसच्या दीर्घ आजारासाठी मंजूर झाले. त्या आजारात सत्तर वर्षांनी ही पहिली वेगळी वाट आहे.

मग गोळी किती दिवस? न्यूयॉर्कमधल्या १९९९ च्या एका पाठपुराव्यात पहिल्या आजारपणातून सावरलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोक पाच वर्षांत पुन्हा एकदा तरी आजारी पडले, आणि औषध बंद केल्याने तो धोका जवळजवळ पाच पट झाला. दुसरीकडे नेदरलँड्समधल्या अभ्यासात, ज्यांची मात्रा देखरेखीखाली लवकर कमी केली गेली त्यांना आधी आजार उलटण्याचा त्रास जास्त झाला, पण सात वर्षांनी त्यांच्यापैकी ४० टक्के लोक पुरते सावरलेले होते. नेहमीच्या मात्रेवर राहिलेल्यांत हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की ‘आयुष्यभर घ्या’ आणि ‘बरे वाटले, सोडा’ ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. कमी करायचे तर कसे, यातही रसायन आहे. मात्रा आणि अडलेले रिसेप्टर यांचे नाते सरळ रेषेचे नाही : चारवरून तीन मिलिग्रॅमवर येताना अडलेल्या जागा थोड्याच मोकळ्या होतात, पण शेवटच्या एका मिलिग्रॅमवरून शून्यावर येताना मोठा भाग एकदम उघडा पडतो. त्यात दीर्घकाळ अडवले गेल्याने डी-२ रिसेप्टर संख्येने आणि संवेदनेने वाढलेले असू शकतात. म्हणून उतरण शेवटाकडे जास्त हळू हवी, महिनोन्‌महिन्यांची हवी, आणि ती डॉक्टरांनी आखलेली हवी.

भाच्याची मात्रा आता अशीच उतरवली जात आहे. बहिणीची इच्छा आहे की गोळी आहे तशी चालू राहावी, भाच्याची इच्छा आहे की ती थांबावी, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पुढची कपात करायची की नाही हे गणपतीनंतरच्या भेटीत ठरेल. कोणत्या रात्री झोप लागली नाही, कधी एखादा आवाज उगाच आपल्यासाठी असल्यासारखा वाटला, याची तारीखवार नोंद त्याने वहीत ठेवली आहे, आणि या वेळी डॉक्टरांशी तो स्वतःच बोलणार आहे.